पहाटे पळणाऱ्या पोरांनी काय, किती आणि कधी खायचं

लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला काय खायचं विचारा, उत्तर बरोबर येतं: भाकरी, डाळ, दूध, अंडी, केळी. चुकतं ते माप आणि वेळ. रात्री दहाला जेवण, पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी सोलापुरातल्या कंबर तलावाकडे पळायला, सातला चहा-खारी, मग क्लास आणि पोटभर जेवण दुपारी एकला. म्हणजे दिवसातल्या सगळ्यात मोठ्या मेहनतीच्या आगेमागे पंधरा तास पोटात धड काही जात नाही.

रोज तासभर पळणाऱ्याला वजनाच्या दर किलोला 5 ते 7 ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन 50 किलो असेल तर दिवसाला 300 ग्रॅम कर्बोदकं आणि 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हे सोलापूरच्या घरातल्या ताटात बसतं का? बसतं. ज्वारीचं 60 ग्रॅम पीठ एका भाकरीला धरा. त्यात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं आणि 6 ग्रॅम प्रथिनं असतात. अशा चार भाकरी म्हणजे 24 ग्रॅम प्रथिनं. दोन वाट्या घट्ट वरण 13, पेलाभर दूध 8, मूठभर म्हणजे 50 ग्रॅम फुटाणे 10, दोन मोठे चमचे शेंगाची चटणी 5, वाटीभर भात आणि सकाळचे पोहे मिळून 9. बेरीज 69. महागडा पावडरचा डबा घ्यायच्या आधी ही बेरीज स्वतःच्या ताटाची करून बघा. बहुतेकांची चाळिशीतच अडकते, कारण वरण पातळ असतं आणि दूध चहात जातं. भाकरीसोबत डाळ हवीच. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं.

आता वेळ. पळायच्या अर्ध्या तासाआधी एक केळं किंवा चार खजूर, एवढंच. चटणी-भाकरी तेव्हा नको: तंतू, तेल आणि तिखट पोटात रेंगाळतं आणि तिसऱ्या किलोमीटरला कळ येते. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध आणि फुटाणे, पाठोपाठ पोहे किंवा उपमा. संध्याकाळी पुन्हा सराव असेल तर हे टाळून चालतच नाही, कारण स्नायूंमधला साखरेचा साठा तेवढ्या वेळात भरावा लागतो. लांब पल्ल्याच्या दिवशी परतल्यावर शेंगापोळी खुशाल खा. गूळ आणि शेंगदाणे दोन्ही कामाला येतात.

सवय लावायची असेल तर रात्रीच सोय करा. झोपण्याआधी पिशवीत केळं, फुटाण्याची पुडी आणि भरलेली बाटली ठेवा. पहाटे पाचला घरचे झोपलेले असतात. डबे उघडत बसायचं म्हटलं की पोरं तशीच निघतात.

पाण्याचं माप काट्यावर कळतं. पळण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, घाम पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. ते भरून काढायला पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं करून सव्वा ते दीड लिटर प्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हा आकडा हिवाळ्यापेक्षा बराच वाढतो, म्हणून दर ऋतूत नव्याने मोजा. ‘पळताना पाणी प्यायलं की दम लागतो’ हे खरं नाही. एकदम अर्धा लिटर ढोसलं तर पोट दुखतं. तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू घाला. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट. साखर यापेक्षा वाढवली की पाणी पोटातच डुचमळत राहतं. आणि पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, ते धोक्याचं आहे.

चहा जेवणाबरोबर घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. त्यातली टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत. वरणावर लिंबू पिळा, अळिवाची खीर आठवड्यातून दोनदा करा. सराव तोच, झोप पुरेशी, तरी वेळ घसरतेय आणि जिना चढताना धाप लागतेय, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरीटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तपासणीशिवाय गोळ्या सुरू करू नका.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आई आणि प्रशिक्षक दोघांनीही लक्षात ठेवावी. तीन महिने पाळी आली नाही तर ‘सराव जोरात चाललाय’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं मेहनतीला पुरत नाही याची ती खूण असू शकते, आणि त्यातून हाडं कमजोर होऊन नडगीला बारीक तडा जातो. वजन कमी करायला भाकरी तोडणाऱ्या मुलींमध्ये हा धोका जास्त. डॉक्टरांना दाखवाच.

आषाढीच्या उपवासाला सराव हलका ठेवा. साबुदाण्यात पिष्ट भरपूर पण प्रथिनं जवळजवळ नाहीत, म्हणून दाण्याचा कूट सढळ घाला आणि दूध-दही घ्या.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हुरडा नको, कितीही कोवळा असला तरी; पोट फुगतं. दही-भात किंवा मऊ खिचडी, तिखट कमी, आठच्या आत. बाहेरगावी जाताना कडक भाकरी बांधून न्या, ती कित्येक दिवस टिकते, पण ती शर्यत झाल्यावर खायला. सकाळी सरावात पोटाला मानवलेलंच खायचं, सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी.