बेळगावहून आफ्रिकेला स्वतःची रायफल नेताना

पहिल्यांदाच सफारीला जात असाल तर स्वतःची रायफल नेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत आणि नामिबियात शिकार आयोजित करणारे लोक चांगली, नेम बसवलेली रायफल भाड्याने देतात. तुमची निम्मी धावपळ तिथेच वाचते. स्वतःची न्यायची ती दोन कारणांसाठी: दस्ता तुमच्या खांद्याला बसलेला आहे आणि चापाचा अंदाज बोटात मुरलेला आहे. ही कारणे खरी आहेत. जखमी जनावर मागे राहू नये असे वाटणाऱ्याला त्यांची किंमत कळते. पण मग कागदांची तयारी किमान चार-पाच महिने आधी सुरू करावी लागते.

आधी लायसन्स कशाचे आहे ते बघा. खानापूर, चंदगडच्या बाजूला रानडुक्कर आणि गव्यापासून पीक राखायला दिलेली लायसन्से असतात. ती शेताच्या हद्दीपुरती. त्यांवरची ठासणीची किंवा बाराबोर बंदूक परदेशात न्यायचा विषयच येत नाही. इथे आपण बोलतोय ते नॉन-प्रोहिबिटेड बोअरच्या, म्हणजे सामान्य नागरिकाला लायसन्सवर मिळू शकणाऱ्या नळीच्या मापाच्या रायफलबद्दल: ३१५, ३०-०६, ३७५ यांसारख्या. त्यातही सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची ३१५ नेऊ नये असेच आमचे मत आहे. रायफल वाईट नाही, पण काडतुसांची पेटी वाटेत हरवली तर तिथल्या दुकानात ३१५ चे काडतूस मिळण्याची आशा धरता येत नाही. ३०-०६ आणि ३७५ तिकडे सहज मिळतात.

नामिबियात जनावराप्रमाणे नळीच्या तोंडाशी किमान किती ऊर्जा हवी ते ठरलेले आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला १३५० जूल, कुडू-इलँड या मोठ्या हरणांना २७०० जूल, रानरेड्याला ५४०० जूल. ३०-०६ साधारण ३८०० जूल देते, म्हणजे कुडूपर्यंत ती भरपूर झाली. रानरेडा यादीत असेल तर ३७५ च हवी.

लायसन्सचे क्षेत्र, आणि मुंबईची सवय

सीमाभागातल्या माणसाची पहिली चूक इथे होते. परदेशी जायचे म्हणजे मुंबई, ही आपली सवय. पण लायसन्सच्या पुस्तकात क्षेत्र 'कर्नाटक' लिहिले असेल, तर कोगनोळीचा टोलनाका मागे टाकून कागलात शिरलात की तुमची रायफल परवान्याबाहेरची झाली. सांबऱ्याहून विमानाने गेलात तरी मुंबईत उतरताच तोच प्रश्न. एकतर क्षेत्र वाढवून घ्या, ज्याला वेळ लागतो, नाहीतर बेंगळुरूहून निघा. बेळगावहून दोन्हीकडे रस्ता जवळपास पाचशे किलोमीटरच आहे, आणि बेंगळुरूपर्यंत राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही.

गोव्याहून जायचा मोह टाळावाच. अनमोडचा रस्ता मोलेच्या अभयारण्यातून जातो, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. चोर्ल्याचा रस्ताही म्हादई-भीमगडच्या जंगलपट्ट्यातला. डिकीत रायफल आणि काडतुसे, बाहेर जंगल, समोर वनखात्याचा नाका. तिथे सफारीचे तिकीट दाखवून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो आणि बंदूक जमा करावी लागते. मग तुमचे तिकीट जूनचे आणि रायफल ठाण्याच्या कोठारात. मुंबईमार्गे जाणाऱ्याला कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. बेंगळुरूमार्गे एकच. जमा करण्यातून सूट हवी असेल तर जिल्ह्याच्या छाननी समितीकडे लेखी अर्ज, सोबत तिकीट आणि शिकार आयोजकाचे पत्र. तोंडी सांगून भागत नाही.

कागद

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १० वाचून ठेवा. ज्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र व काडतुसे वेगळ्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेऊ आणि परत आणू शकतो, असे त्यात आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात हेही आहे की कस्टम्सला शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत ते शस्त्र अडकवून ठेवू शकतात. तुमचे सगळे काम ही शंका येऊ न देण्याचे आहे. म्हणून जिथून लायसन्स निघाले त्या कचेरीतून एक इंग्रजी पत्र घ्या: लायसन्स चालू आहे, यूआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक) अमुक, रायफलचा बोअर आणि नंबर अमुक, कोणत्या तारखांना कोणत्या देशात जाणार. लायसन्सची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी.

रायफलचा नंबर स्वतः वाचा. पुस्तकात आहे तो खरा धरू नका. जुन्या रायफलींवर आकड्यांच्या आधी एखादे इंग्रजी अक्षर असते आणि ते पुस्तकात उतरलेलेच नसते. कुठे 'ओ' चा शून्य झालेला असतो, कुठे बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर रायफलचा म्हणून चढलेला असतो. शाळेचा पांढरा खडू नंबरावर आडवा घासा, वरची भुकटी कापडाने हलकी पुसा. खोबणीत खडू राहतो आणि बॅटरीच्या उजेडात अक्षर न् अक्षर उठून दिसते. फोटो काढा, पुस्तकाशेजारी धरून एकेक आकडा ताडा. फरक असेल तर लायसन्स कचेरीत दुरुस्ती आधी, तिकीट नंतर. नंबर दुर्बिणीच्या माउंटखाली किंवा दस्त्याच्या कडेआड झाकला जात असेल तर तेही आत्ताच कळू द्या, कारण जोहान्सबर्गच्या पोलिसाला तो धातूवर कोरलेला नंबरच बघायचा असतो.

मग नाव. पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', लायसन्सवर 'बेळगावी', कारण शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलले. आपल्याला यात काही वाटत नाही. पण परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ती दोन गावे वाटतात. पासपोर्टवर वडिलांचे नाव पूर्ण आणि लायसन्सवर कन्नड पद्धतीने नुसते आद्याक्षर, हेही नेहमीचे. पुस्तक कन्नडमध्ये भरलेले असेल, कधी आकडेसुद्धा कन्नड, तर प्रत्येक भरलेल्या पानाचे इंग्रजी भाषांतर नोटरीच्या शिक्क्यानिशी करून घ्या. दोन्ही नावे एकाच माणसाची आणि दोन्ही गावे एकच, असे एक प्रतिज्ञापत्रही सोबत असू द्या. स्टॅम्पपेपरचा खर्च किरकोळ आहे, त्यात कंजुषी नको.

दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या शस्त्र परवान्यासाठी तिथल्या पोलिसांचा एसएपी ५२० हा फॉर्म लागतो. काळ्या शाईनेच भरायचा आणि सही घरून करून न्यायची नाही, तिथल्या पोलिसासमोर करायची. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचे तिकीट, लायसन्स आणि भाषांतर, आयोजकाचे निमंत्रण पत्र, आणि तुमचे स्वतःचे पत्र की हीच रायफल का हवी. एका बोअरची एकच रायफल, तिच्यासाठी जास्तीत जास्त २०० काडतुसे, तीही त्याच बोअरची. सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही. मित्राची रायफल आपल्या नावावर नेता येत नाही. ज्याची त्यानेच न्यायची.

तिकीट सगळे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा. बेंगळुरू ते जोहान्सबर्ग वाटेत आदिस अबाबा, दुबई किंवा दोहाला विमान बदलावे लागते. तुकड्यातुकड्याने तिकिटे काढलीत तर मधल्या देशात बॅग हातात येते, म्हणजे त्या देशात तुम्ही विनापरवाना शस्त्र आणलेत. एअरलाइनला नंबर, बोअर, काडतुसांची संख्या आणि वजन लेखी कळवून लेखी मंजुरी घ्या. मधल्या विमानतळाची वेगळी परवानगी लागते का, तेही त्यांच्याकडूनच लेखी. 'काही अडचण नाही सर' हे फोनवरचे उत्तर कागद नव्हे. सांबऱ्याहून जोडविमान घेणार असाल तर तिथली विमाने लहान आहेत, लांब पेटी आणि काडतुसे घेतात का ते त्या कंपनीला आधी विचारा. आदिस अबाबामार्गे जाणाऱ्याने पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. परतताना भारतात ते कार्ड मागतात.

पेटी आणि काडतुसे

कडक पेटीच हवी, चार कुलपांची जागा असलेली. एका कोपऱ्याचे कुलूप लावून दुसरा कोपरा हाताने वर उचला. फट पडून बोट आत जात असेल तर ती पेटी नको. रायफल रिकामी, बोल्ट काढून त्याच पेटीत वेगळ्या खाचेत. दुर्बिणीच्या काचांना टोप्या. तेलाचा हात हलका, नाहीतर फोम तेल पितो आणि पेटी उघडताच वास येतो.

काडतुसे सुटी नाहीत, कारखान्याच्या मूळ डब्यांत. विमानाचा नियम माणशी ५ किलोचा, तोही डब्यासकट एकूण वजनाचा, आणि दोघांची मुभा एकत्र करता येत नाही. ३०-०६ चे एक काडतूस १८० ग्रेनच्या गोळीसह साधारण २७-२८ ग्रॅम भरते, म्हणजे ६० काडतुसे पावणेदोन किलोच्या आसपास. दहा दिवसांच्या शिकारीला तेवढी पुरतात, नेम बसवण्याचे बार धरून. लायसन्सवर एका वेळी बाळगायची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याबाहेर जाऊ नका.

लाकडी दस्ता आणि आपला पाऊस

आफ्रिकेतला शिकारीचा कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आपला पावसाळा. जांबोटी-कणकुंबीच्या हवेत जूनमध्ये अक्रोडाचा दस्ता पाणी ओढतो आणि फुगतो. नामिबियाच्या कोरड्या थंडीत तोच आठवड्यात आक्रसतो. फुगला की नळीला टेकतो, आक्रसला की ॲक्शनचे (नळीमागच्या, बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाचे) स्क्रू ढिले पडतात. दोन्हीत गोळी हलते. बेळगावात शंभर मीटरवर मधोमध लागणारी रायफल तिथे चार बोटे बाजूला मारते आणि दोष दुर्बिणीवर जातो.

तपासायला कोरी नोट घ्या. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये पुढच्या टोकाकडून सरकवत मागे आणा. ती ॲक्शनपर्यंत न अडकता आली पाहिजे. एप्रिलमध्ये बघा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा बघा. जूनमध्ये अडकत असेल तर त्या जागी आतून थोडे लाकूड काढून लगेच सीलर लावायला हवे, आणि हे काम जाणत्या बंदूकदुरुस्तीवाल्याचे. दस्त्याच्या आतल्या खाचा, बटप्लेटखालचे लाकूड, स्क्रूची भोके सील केलेली नसतात. बाहेरून कितीही पॉलिश चमको, पाणी तिथूनच शिरते.

ॲक्शनचे स्क्रू लाकडी दस्त्याला साधारण ३५ ते ४० इंच-पाउंड, दुर्बिणीच्या रिंगांचे १५ ते २०, किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच. आवळून झाले की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. आफ्रिकेत पेटी उघडल्यावर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे पान्याशिवाय कळते.

विमानतळावर

पाच तास आधी पोहोचा. काउंटरवर शस्त्र असल्याचे सांगा आणि पेटी पट्ट्यावर जाण्याआधी कस्टम्सच्या अधिकाऱ्याला बोलावून घ्या. त्याच्याकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचे, त्यावर बोअर, मेक, नंबर आणि काडतुसांची संख्या. बंदुका बॅगेजच्या ड्युटीमाफीत बसत नाहीत. हा कागद नसेल तर परतताना तुमचीच रायफल परदेशातून आणलेली नवी ठरू शकते. पेटी एकदा आत गेली की दाखवता येत नाही आणि न पाहता कोणी सही करत नाही. सर्टिफिकेटवरचा नंबर तिथेच उभे राहून वाचा. मूळ लायसन्स अंगावर, प्रती बॅगेत.

जोहान्सबर्गला पेटी बहुधा पट्ट्यावर येत नाही, पोलिसांच्या शस्त्र कार्यालयात जाते. तिथे नंबर ताडून तात्पुरता परवाना देतात. पुढचे विमान असेल तर मध्ये चार तास ठेवा. परवान्यावरचा नंबर पुन्हा वाचा, कारण परतताना त्याच्याशीच रायफल ताडली जाते.

रानात गेल्यावर आधी नेम. पेटी उघडा, नेलपॉलिशच्या रेघा बघा, शंभर मीटरवर तीन बार काढा. नळी थंड होऊ द्या, मगच दुर्बीण हलवायची की नाही ते ठरवा. पहिल्या एका बारावरून दुर्बिणीचे क्लिक फिरवत बसलेला माणूस वीस काडतुसे तिथेच घालवतो. किती बार झाले ते रोज वहीत लिहा आणि निघताना आयोजकाच्या लेटरहेडवर एकूण आकडा, तारखा आणि सही घ्या. नेलेली उणे वापरलेली बरोबर आणलेली, हा हिशेब कस्टम्सला आणि लायसन्स कचेरीला जुळवून दाखवावा लागतो. खिशात एक काडतूस विसरून केबिनमध्ये शिरणे हा घोटाळा फार होतो, म्हणून शिकारीचे जाकीट विमानात घालू नका. शिंगे-कातडी आणायचे मनात असेल तर तो सायटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आणि वन्यजीव कायद्याचा वेगळा विषय आहे, रायफलच्या कागदांवर ते येत नाही.

परतल्यावर त्याच रात्री रायफल पेटीतून बाहेर काढा. विमानाच्या पोटातली थंड नळी आपल्या जुलैच्या हवेत आली की घाम धरते आणि फोम तो घाम तसाच धरून ठेवतो. आधी कोरड्या कापडाने, मग तेलाच्या कापडाने पुसा, बोल्टचा चेहरा आणि रिंगांखालची जागा विसरू नका. पेटीतला फोम काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. रायफल कपाटात ठेवा, पेटीत नाही.