ड्रॅगनची आर्ट बुक्स घेताय? मग आधी बडोद्याच्या विश्वामित्री नदीवर जाऊन या

"ताई, क्रीचर डिझाइन करायचंय, कुठलं आर्ट बुक घेऊ?" बारावीचा रिझल्ट लागला की कोणीतरी हे विचारतंच. क्रीचर डिझाइन म्हणजे सिनेमासाठी काल्पनिक प्राणी घडवणं, आणि आर्ट बुक म्हणजे सिनेमा बनवताना काढलेल्या चित्रांचं पुस्तक. पुस्तक जरूर घ्या. पण ते उघडायचं कसं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून हे लिहितेय.

माझं पहिलं पुस्तक 'द आर्ट ऑफ हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन', त्याच नावाच्या अ‍ॅनिमेशन सिनेमाचं, २०१० सालचं, ट्रेसी मिलर-झार्नेकी यांचं. सेकंडहँड मिळालं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माळ्यावर बसून मी त्यातली मोठी रंगीत पानं कॉपी करत राहिले, खवले न् खवले, आई जेवायला हाका मारून थकायची. पोर्टफोलिओत तीस ड्रॅगन झाले, सगळे चकाचक. मग एका स्टुडिओत इंटरव्ह्यूला गेले, तिथल्या बाईंनी पानं चाळली आणि कोरा कागद पुढे सरकवला, म्हणाल्या हा उडून आल्यावर जमिनीवर बसतो कसा ते काढ. मला मागचा पाय कुठून वाकतो तेच माहीत नव्हतं. पंख मिटल्यावर जातात कुठे तेही नाही.

घरी येऊन तेच पुस्तक परत उघडलं, पण ह्या वेळी पेंटिंग्ज सोडून पेन्सिलची स्केचेस बघत बसले. खरा अभ्यास तिथे आहे हो. सिनेमाचे कॅरॅक्टर डिझायनर निको मार्ले यांची ड्रॅगनची ड्रॉइंग्ज बघा, प्रत्येक जात नुसत्या बाहेरच्या रेषेवरून ओळखता येते. ग्रॉन्कल म्हणजे जाडजूड गोळा आणि त्याला चिमुकले पंख, नॅडर दोन पायांवर चालणारा, पक्ष्यासारखा, झिपलबॅकला दोन डोकी. आत काळा रंग भरून टाका तरी चुकणार नाही. तुमच्या स्वतःच्या ड्रॅगनवर हीच परीक्षा करा, मी केली तर माझे तीसपैकी सव्वीस एकसारखेच निघाले.

दुसरं म्हणजे आकार का बदलला ते शोधायचं. क्रेसिडा कॉवेलच्या २००३ च्या मूळ गोष्टीच्या पुस्तकात टूथलेस हा मुख्य ड्रॅगन अगदी छोटा आहे. सिनेमातल्या नायक मुलाला त्याच्या पाठीवर बसून उडायचंय म्हटल्यावर तो मोठा झाला, त्याच्या हालचालीत काळा पँथर आला, मांजर आली, कुत्रा आला. शेपटीचा एक पंख तुटलेला, म्हणून एकट्याला नीट उडता येत नाही, म्हणून मुलाची गरज. म्हणजे सगळी गोष्ट त्या शेपटीवर उभी आहे! आणि उजेडाचं काय ते कळायला रॉजर डीकिन्स हे नाव लक्षात ठेवा. साध्या, माणसांच्या सिनेमांचे कॅमेरामन, त्यांना ह्या सिनेमासाठी व्हिज्युअल कन्सल्टंट म्हणून घेतलं होतं. रात्रीच्या सीनची पानं डोळे बारीक करून बघा, काळा ड्रॅगन काळ्या आभाळात दिसतो तो कडेच्या जराशा उजेडामुळे.

आता बडोद्याचं सांगते, कारण आपल्याइतकी सोय फार कमी शहरांत असेल. विश्वामित्रीत मगरी आहेत, भर शहरात! थंडीत सकाळी काळा घोड्याजवळच्या पुलावर थांबा, उन्हं खायला काठावर आलेल्या दिसतात. तोंड उघडं टाकून पडलेली मगर रागावलेली नसते, अंगातली उष्णता कमीजास्त करत असते, हे कळलं तेव्हा माझ्या ड्रॅगनची तोंडं बदलली. मगर नुसती सरपटत नाही, पोट उचलून चारी पायांवर चालतेसुद्धा, ते बघायला मिळालं तर भराभर काढून घ्या, तीस सेकंदांत एक, रबर वापरायचं नाही.

मग तिथूनच कमाटीबागेत बडोदा म्युझियमला जा, १८९४ ची इमारत. आत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाचा पोहायचा पुढचा पर बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो पण आत हाताचीच हाडं असतात, खांदा, कोपर, बोटं. वटवाघळाचा पंखही हातच, चार लांब बोटांवर ताणलेली कातडी आणि अंगठा मोकळा. हे दोन्ही शेजारी शेजारी काढले तेव्हा पंख मिटल्यावर कुठे जातो ह्याचं उत्तर मला मिळालं, कोपरात आणि बोटांत घडी पडून अंगाशी. चार पाय अधिक दोन पंख असलेल्या ड्रॅगनला मात्र खांद्याच्या दोन जोड्या लागतात, त्या छातीत कशा मावतील ते आधी सांगाड्यात सोडवा, खवले नंतर.

पोर्टफोलिओला तीस नकोत. एकच प्राणी, पण त्याची स्केचेस, सांगाडा, बसलेला, झोपलेला, उडायच्या तयारीतला, आणि रद्द केलेली डिझाइनंही ठेवा, का रद्द केली ते खाली एका ओळीत लिहून. दुसऱ्या इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ त्या रद्द पानांवरच गेला माझा.

पुस्तकं महाग असतात, तेव्हा तिघाचौघांत मिळून एक घ्या आणि महिन्यामहिन्याने फिरवा. आणि स्केच करायला पुलावरच उभं राहा, दुर्बीण न्या, फोटो चांगला येईल म्हणून काठावर अजिबात उतरायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच.