गाडी उघडताना या चुका टाळा : नट अंदाजाने आवळू नका

वायुसेनेत वीस वर्षं मी विमानांच्या एअरफ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर नागपूरजवळच्या वाडीला छोटं गॅरेज टाकलं, त्यालाही आता बारा वर्षं झाली. नागपूर हे खरं तर विमानं सांभाळणाऱ्यांचं गाव आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथं आहे आणि मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांची दुरुस्ती चालते. अशा गावातली पोरं आयटीआय करून माझ्याकडे येतात. हाताला चांगली असतात, पण चौथ्या दिवशी इम्पॅक्ट गन, म्हणजे नट आवळायचं मशीन मागतात. टॉर्क किती, म्हणजे नट किती जोराने आवळायचा, असं विचारलं की म्हणतात, "काका, अंदाज येते न." या अंदाजाने माझी झोप उडवली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

जुना बोल्ट समोर धरून नवा उचलणं

ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. ब्रेकचे डिस्क पॅड बदलताना ते दाबणाऱ्या कॅलिपरचा एक बोल्ट हरवतो किंवा त्याचे आटे खराब दिसतात. पोरगा कोपऱ्यातल्या जुन्या नटबोल्टांच्या डब्यात हात घालतो, काढलेल्या बोल्टशेजारी एकेक धरून बघतो आणि सारखा दिसला की लावतो. दहा एमएमचा बोल्ट सव्वा एमएमच्या पिचचाही येतो आणि दीडच्याही. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. डोकं तेच, लांबी तीच, पानाही तोच लागतो. सव्वाच्या आट्यात दीडचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो. तिथं थांबायला हवं. पण हातात गन असते. गन त्याला आत ढकलते, आटे सोलून निघतात आणि बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो. तो ब्रेकचा बोल्ट आहे, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात नसतं.

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात हेच घडलं. बीएसी वन-इलेव्हन जातीचं विमान होतं. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण अडीच मिलिमीटर आखूड. काम करणारा नवशिका नव्हता, शिफ्टचा प्रमुख होता. त्याने पुस्तकात नंबर न बघता काढलेला बोल्ट नमुना म्हणून घेतला आणि नजरेने जुळवला. त्या नमुन्यातच खोट होती, कारण त्याआधी ती काच बसवणाऱ्यानेही चुकीचेच बोल्ट लावले होते. ही काच बाहेरून बसवायची असल्यामुळे आतल्या हवेचा सगळा दाब त्या बोल्टांवर होता.

म्हणून माझ्याकडे तो डबा नाही. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला देऊन टाकला. बोल्ट लागला की पार्ट नंबर बघायचा आणि तोच मागवायचा. एक दिवस गाडी उभी राहिली तर राहू द्या. आणि कुठलाही बोल्ट आधी बोटांनीच लावायचा. प्रथम उलटा फिरवा. एका जागी हलकेच टक करून तो खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथून सरळ फिरवा. निदान तीन आटे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. गेले नाहीत तर बोल्ट काढा, आटे पुसा, पिच गेज लावून बघा. पिच गेज फारसं महाग नसतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक गॅरेजांत ते नाही.

मधेच उठणं

ही चूक माझी स्वतःची आहे. सात वर्षं झाली असतील, मे महिन्याची गोष्ट. एक ओळखीचे भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंबासह शेगावला दर्शनाला निघणार होते. चारही चाकं काढून ब्रेक साफ केले. तीन चाकं पूर्ण आवळली. चौथ्याचे चार नट हाताने लावले, दोन पान्याने ओढले, तेवढ्यात फोन आला. फोनवर बोलत मी बाहेर गेलो. परत येईपर्यंत पोराने जॅक उतरवून व्हील कव्हर बसवलं होतं. कव्हर दिसलं म्हणजे काम झालं, असं मी धरलं आणि किल्ली दिली.

सकाळी साडेसातला फोन आला. "भाऊ, मागून टकटक आवाज येऊन राहिला." ते बाजारगावजवळ होते. मी म्हटलं, तिथंच थांबा, एक फूटसुद्धा पुढे नेऊ नका. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना घेऊन गेलो. व्हील कव्हर काढलं तर आतून एक नट माझ्या पायाशी पडला. टकटक त्याचीच होती, कव्हरमध्ये तो गोल फिरत होता. दुसऱ्या स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या दांड्यावर, नटच नव्हता. उरलेले दोन सैल, आणि रिमची भोकं घासून लांबोळकी झालेली. गाडीत त्यांची आई होती, बायको होती, आणि मागच्या सीटवर पाच-सहा वर्षांची पोरगी झोपलेली होती. आवाज कव्हरने दाबला असता, किंवा त्यांनी गाणी मोठ्याने लावली असती, तर चाक पुढे कुठेतरी सुटलं असतं. त्यांनी मला एक शब्द वाईट बोलला नाही. तो प्रसंग आजही माझ्या छातीत रुतून आहे.

त्या दिवसापासूनच्या माझ्या सवयी सांगतो. काम करताना फोन ड्रॉवरमध्ये. काहीही अर्धवट सोडून उठायचं झालं तर स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. ते ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. परत आल्यावर जिथं थांबलो होतो तिथून सुरुवात करायची नाही, तीन पायऱ्या मागे जायचं. हे आम्हाला हँगरमध्ये शिकवलेलं होतं आणि मी ते बाहेर येऊन विसरलो होतो. टॉर्क झालेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या मार्करची रेघ मारायची, आणि चार रेघा दिसल्याशिवाय कव्हर लावायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेलं झाकण, म्हणजे प्लग, हवेत उडाला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच परत लावलेले नव्हते, आणि प्लग उघडल्याची नोंदही कुठे नव्हती. उघडलेली गोष्ट लिहून ठेवा. माझ्याकडे त्यासाठी साधी दोनशे पानी वही आहे.

गन आणि पाईप

चाकाचे नट गनने संपवू नका. गनने टेकवा, मग चाक जमिनीला लागल्यावर टॉर्क रेंचने समोरासमोरचे नट आवळत जा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पान्याला पाईप लावून त्यावर उभं राहणाऱ्या पोराला मी त्याच दिवशी घरी पाठवतो. स्टड ताणला जातो आणि महिन्याभराने रस्त्यात तुटतो. टॉर्क रेंचने नट सोडायचे नाहीत, आणि काम झालं की तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

वेळ वाचवायची युक्ती

१९७९ मध्ये शिकागोला डीसी-१० विमान पडून २७३ माणसं गेली. इंजिन आणि ते पंखाला धरणारा पायलॉन वेगवेगळे काढायचे असतात. वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकत्र फोर्कलिफ्टवर उतरवले गेले, पायलॉनला तडा गेला, आणि विमान तसंच आठ आठवडे उडत राहिलं. आपल्याकडची युक्ती म्हणजे चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जॅक लावून इंजिन उचलणं. चेंबर आत चेपतो, ऑइल ओढणारी जाळी दबते, आणि महिन्याने इंजिन जाम होतं. तोवर गाडी दुसऱ्या गॅरेजात पोचलेली असते आणि ज्याने जॅक लावला त्याला कळतही नाही.

गाडी धुताना एअर फिल्टरच्या तोंडाला पिशवी किंवा टेप लावता, तर ती लाल रंगाची आणि लांब शेपटीची असू द्या. १९९६ मध्ये एरोपेरूचं विमान धुताना दाब मोजणाऱ्या छिद्रांवर लावलेली टेप तशीच राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना. ७० जण समुद्रात गेले.

बाकीच्या थोडक्यात. स्प्लिट पिन आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) एकदा काढले की फेकायचे. चेंबर नटचं वायसर दर ऑइलला नवं. ब्रेक ऑइलचा उघडा राहिलेला डबा वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. गाडीतलंही दोन वर्षांनी बदला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. हवा थंड टायरमध्येच तपासा. समृद्धीवर जाणार असाल तर टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसते म्हणून दहा वर्षं जुना टायर आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात १२० ने पळवू नका. बोनेट लावण्याआधी पाने मोजा. मी प्लायवूडवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली आहे, रिकामी जागा लगेच दिसते. दहा नंबरची गोटी (सॉकेट) सापडेपर्यंत गाडी बाहेर जात नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

गिऱ्हाइकांनाही एक सांगतो. "अर्ध्या तासात द्या न भाऊ" म्हणत मेकॅनिकच्या डोक्याशी उभे राहू नका. आणि चाकं काढून लावलेली असतील तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्या. माझ्याकडे त्याचे पैसे लागत नाहीत, दुपारी जेवणाच्या वेळी आलात तरी चालेल.