निवृत्तीसाठी जागेत पैसे गुंतवायचे असतील तर

पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं सचिव होतो. बावन्न फ्लॅट, त्यांतले एकोणीस भाड्याने दिलेले आणि त्यांचे मालक बहुतेक साठीच्या पुढचे. कोणाचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला बिनबोभाट जमा व्हायचं, तर कोणाचा फ्लॅट सात-सात महिने कुलूपबंद. तिथे बसून एक पक्कं कळलं. उतारवयात जागेचा उपयोग दोन गोष्टींवर ठरतो: सगळा खर्च वजा जाऊन महिन्याला हातात किती पडतं, आणि अडीअडचणीला ती जागा किती लवकर विकता येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन प्रश्नांसाठी आहेत.

१. आधी महिन्याचा आकडा काढा

घरखर्च, औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता, वर्षातून एखादा प्रवास, लग्नकार्याचा आहेर, सगळं धरून आज महिन्याला किती लागतं ते लिहून काढा. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आज तुम्ही ४८ वर्षांचे असाल आणि ४०,००० रुपयांत घर चालत असेल, तर साठाव्या वर्षी ८०,००० लागतील. त्यातून पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधीवरचं व्याज वजा करा. उरेल ती तूट. जागेच्या भाड्यातून त्यातला किती भाग भरून काढायचा, हे बिल्डरच्या ऑफिसात पाऊल टाकण्याआधी ठरलेलं असावं.

राहतं घर या हिशेबात धरू नका. त्यातून उत्पन्न येत नाही. मात्र त्याचं कर्ज निवृत्तीआधी फिटलेलं असलंच पाहिजे आणि इमारतीला लिफ्ट हवी. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहणाऱ्या आमच्या एका काकूंचं गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने खाली उतरणंच बंद झालं होतं. दुसरी गुंतवणूक करण्याआधी हे घर नीट करा.

२. भाड्याचा खरा हिशेब मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात.

समजा, पुण्यात ८० लाखांचा टू बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३०,००० रुपये. (फ्लॅट घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इथे सरळ ८०,००० रुपये वाचतात.) पंखे, ओटा, कपाटं, वीजमीटरची किरकोळ कामं धरून जागा ८८ लाखांना पडली.

भाडं २२,००० धरू, म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतं, तिथे २२,००० गेले. एजंटचे तेवढेच. मेंटेनन्स ३,००० प्रमाणे ३६,०००. महापालिकेचा मिळकतकर १८,००० आणि रंग, नळ, गिझरसाठी १६,००० धरा. हातात राहिले दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,५००. ८८ लाखांवर हे पावणेदोन टक्केसुद्धा नाहीत.

यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलेल्या घराला ती लागू नाही. आणि मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी जास्त मागत असेल तर लेखी हरकत घ्या. सचिव म्हणून सांगतो, असली पत्रं नियमाला धरून असली की समितीला ऐकावंच लागतं.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के व्याज धरलं तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० होतात. ३० लाखांवर एवढे, आणि फ्लॅटमध्ये ८८ लाख घालून १२,५००.

मग फ्लॅट घ्यायचाच कशाला? कारण ठेवीचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, भाडं मात्र महागाईबरोबर वाढतं आणि जागेची किंमतही साधारण वाढत जाते. म्हणून माझं मत असं: पंचेचाळीस-पन्नाशीत घेतलेली जागा साठीपर्यंत वाढू द्यायची आणि साठीनंतर तिचा काही भाग नियमित उत्पन्नात बदलायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी फंडाचे सगळे पैसे एका फ्लॅटमध्ये घालण्याचा सल्ला मी कोणालाच देणार नाही.

३. काय घ्यायचं ते ठरवा

फ्लॅट घ्यायचा तर बसस्टॉप, मेट्रो, कॉलेज, कंपन्या किंवा मोठं हॉस्पिटल यांच्या आसपास घ्या. वन बीएचके आणि छोटा टू बीएचके लवकर भाड्याने जातो आणि विकायलाही सोपा पडतो.

दुकानाच्या गाळ्याचं भाडं किमतीच्या मानाने बरंच जास्त येतं. पण एकदा रिकामा झाला की गाळा वर्षभरही पडून राहू शकतो. वस्तीतला, रस्त्याला लागून असलेला, दवाखाना किंवा डेअरी चालेल असा छोटा गाळा मॉलमधल्या झगमगीत दुकानापेक्षा मला बरा वाटतो.

प्लॉटमधून दरमहा काही येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून एनए (बिगरशेती) झालेला, मंजूर लेआउट असलेलाच प्लॉट पाहा. कोकणात किंवा मुळशीत ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून गुंठ्यागुंठ्याने विकल्या जाणाऱ्या शेतजमिनीपासून लांब राहा.

ज्यांच्याकडे पाच-दहा लाखच आहेत किंवा ज्यांना भाडेकरूंची कटकट नको, त्यांच्यासाठी रीट आहे. रीट म्हणजे मोठमोठी ऑफिसं आणि मॉल ज्याच्या मालकीचे असतात असा ट्रस्ट. त्याची युनिटं डीमॅट खात्यातून शेअरसारखी घेता येतात, अगदी एक युनिटसुद्धा. वाटपयोग्य रोख रकमेतली किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. भारतात पहिला रीट एम्बसीचा, २०१९ साली शेअर बाजारात आला. त्याच्या ताब्यात हिंजवडीतली आयटी पार्कही आहेत. युनिटची किंमत बाजाराबरोबर वरखाली होते, पण विकायला मिनिटंही लागत नाहीत. पंचाहत्तरीत ही सोय फार मोठी आहे, विशेषतः मुलं अमेरिकेत आणि इथे धावपळ करायला कोणी नाही अशा घरात.

४. कागद पाहा, मगच टोकन द्या

नवीन प्रकल्प असेल तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख आणि चालू दावे वाचा. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात किंवा बुकिंग नोंदणीआधी करता येत नाही, त्यामुळे ‘प्री-लाँच दर’ ऐकला की उठून यायचं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. किंमत कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर ठरते. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

जुना फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला पाहा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतर) झालंय का हेही विचारा. ते झालेलं नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू शोधता येतो आणि महाभूलेखवर सातबारा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर थांबा, तशी जमीन विकायला सरकारी परवानगी लागते.

हे सगळं स्वतः पाहिलं तरी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीचा आणि बोज्यांचा तपास, घ्याच. वकील आपला हवा, बिल्डरने सुचवलेला नको.

पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची जागा घेताना एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने आगाऊ कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम वेगळे आहेत, तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. कर्ज साठीच्या आत संपवा

४० लाख, साडेआठ टक्के, पंधरा वर्षं: हप्ता साधारण ३९,४०० रुपये. भाडं २२,०००. उरलेले सतरा हजार दर महिन्याला पगारातून घालावे लागतील आणि निवृत्तीच्या दिवशी पगार थांबतो. म्हणून ५८ मधून आजचं वय वजा करा, कर्जाची मुदत त्यापेक्षा जास्त नको. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असं कोणी म्हणालं तर वरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

६. भाड्याने देताना

लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाड्याची मागणी करता येते, पण त्यासाठी नोंदवलेला करार हवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा. थोडं कमी भाडं देणारं पण तीन-चार वर्षं टिकणारं कुटुंब मिळालं तर हजार रुपयांसाठी त्यांना घालवू नका. घर रिकामं राहिलं तर नुकसान त्याहून मोठं होतं.

प्राप्तिकर काढताना, मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या नसल्या तरी.

७. साठीनंतर जागेचे पैसे करा

आता वाढ पुरे, उत्पन्न हवं. चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या जागेच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल तर इथे राहणाऱ्या व्यक्तीला खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून धरून २० टक्क्यांचा पर्यायही मिळतो. दोन्ही काढून कमी पडेल तो भरा. विक्रीनंतर सहा महिन्यांत आरईसी किंवा पीएफसीसारख्या सरकारी वित्त कंपन्यांच्या करसवलतीच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंतचा नफा गुंतवला तर त्यावर कर लागत नाही, मात्र पैसे पाच वर्षं अडकतात.

राहत्या घराशिवाय काहीच नसेल तर रिव्हर्स मॉर्गेजचा पर्याय बँकेत विचारा. साठ वर्षांवरील मालकाला घर तारण ठेवून दरमहा रक्कम मिळते, घरात हयातभर राहता येतं आणि हप्ता भरावा लागत नाही. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर ठेवायचं किंवा विकून हिशेब मिटवायचा.

८. हयातीत नावावर करण्याची घाई नको

राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात अवघे २०० रुपये मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून पुष्कळ आईवडील ते करून टाकतात. मी कळकळीने सांगतो, थांबा. द्यायचंच असेल तर आयुष्यभर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर ते फार अवघड जातं.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. सोसायटीत नॉमिनी नेमला म्हणजे तो मालक झाला असं होत नाही, हे मुलांनाही आत्ताच सांगा. मग खरेदीखत, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, चालू भाडेकरार, कराच्या पावत्या आणि मृत्युपत्राची प्रत एका फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कोणत्या कपाटात आहे ते घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवा.