दक्षिण इटलीतली ग्रीक चांदीची नाणी: या चुका टाळा

मेटापाँटमचं जुनं नाणं पहिल्यांदा उलटवून पाहणारा हमखास दचकतो. पुढे उठावदार जवाची ओंबी आणि मागे तीच ओंबी खोलगट. लगेच निकाल तयार: ‘ठसा चुकलाय’, नाहीतर ‘बनावट आहे’. दोन्ही चूक. सिबारिस, क्रोटन, कौलोनिया, मेटापाँटम या ग्रीक वसाहतींनी इ.स.पू. सहाव्या शतकात नाणी मुद्दाम अशीच पाडली. मागच्या बाजूचा ठसा वेगळा कोरलेला असे. आधीचं नाणं ठशात अडकून बिघडलेल्या नाण्यावर पुढचंच चित्र अक्षरांसकट उलटं उमटतं. मेटापाँटमच्या पाठीवर बहुधा अक्षरं नसतात आणि कडेला किरणांसारख्या रेघा असतात. मी आधी ती कड पाहतो.

एका उतावळ्या तरुणाने असंच अस्सल मेटापाँटम ‘बनावट’ म्हणून परत केलं. कुणाला विचारलंही नाही. मग दोन्हीकडे उठावदार बैल असलेलं सिबारिसचं मोठं नाणं मोठ्या हौसेने घेऊन आला. क्रोटनने सिबारिस इ.स.पू. ५१० मध्ये उद्ध्वस्त केलं. तोवरची तिथली मोठी नाणी खोलगट पाठीचीच. काट्यावर ठेवलं तर सात ग्रॅमही भरेना, हवं होतं आठच्या आसपास. कडेला ओतकामाची शिवण बोटाला लागत होती. चांगलं नाणं गेलं आणि ओतीव नक्कल घरात आली, याचं मला आजही वाईट वाटतं. फोटोवरून निकाल देणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी काटा घ्या.

मात्र एकच वजन सगळीकडे लावू नका. पोसिडोनिया या तिथल्याच ग्रीक वसाहतीचं सुरुवातीचं नाणं साडेसात ग्रॅमच्या आसपास असतं. तारास या ग्रीक शहरात, एपिरसचा राजा पिऱ्हस याच्या रोमशी झालेल्या युद्धाच्या सुमारास, इ.स.पू. २८० च्या आगेमागे, वजन साडेसहावर आणलं गेलं.

पोसिडोनियाच्या नाण्यावरचं ‘एम’सारखं अक्षर ‘स’ म्हणून वाचा.

टूथपेस्ट लावून घासणं तर गुन्हाच समजा. इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते; जोर लावला की तुकडा पडतो, आणि घासून गेलेली कलाकुसर परत येत नाही. मी डिस्टिल्ड पाण्यात भिजवतो, मऊ कापडावर टेकवून सुकवतो, बस.

नाणं नुसतं चांदीच्या मुलाम्याचं असून आत तांबं आहे का पाहायला कानस लावू नका. झिजलेल्या जागी हिरवट डाग किंवा फुगलेला पापुद्रा भिंगाखाली दिसतोच.