वर्गखोली मांडायची कशी: नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात की टाचण, चाचण्या, ऑनलाइन माहिती भरणं हे सांगायला चार जण पुढे येतात. खोलीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मिळाली तशी वापरायची, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसरीत बसते, तेव्हा खोलीची मांडणी हे निम्मं अध्यापन असतं.

खोली नव्याने बांधायची किंवा दुरुस्त करायची असली की अभियंता मापं घेतो, अंदाजपत्रक होतं, ठेकेदार येतो. शिक्षकाला विचारतात ते रंग कोणता द्यायचा एवढंच, आणि तोवर फळ्याची उंची, खिडक्या, विजेचे बोर्ड सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून बोलायचं ते अंदाजपत्रकाच्या आधी. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्यातच सोय आहे: शाळा विकास आराखडा. तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो. (पुष्कळ ठिकाणी मागचाच उतरवून काढतात, ते सोडा.) त्यात नुसतं ‘एक वर्गखोली’ लिहू नका. तळफळे (भिंतीच्या तळाशी, मुलांच्या हाताच्या उंचीवरचे फळे), भिंतीतली उघडी कपाटं, व्हरांड्यात एक फळा, दाराशी पायरीऐवजी उतार, असं नेमकं लिहून घ्या. समितीत पाऊण सदस्य पालक असतात. त्यांना आधी खोलीत आणून दाखवा, मग मागणी त्यांच्याच तोंडून येऊ द्या. एकट्या शिक्षकाच्या अर्जापेक्षा तिला वजन जास्त.

एकच गोष्ट मागता येणार असेल तर तळफळा मागा. खाली बसलेल्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर भिंतीच्या कडेने गेलेला काळा किंवा हिरवा पट्टा. प्रत्येकाला लिहायला स्वतःची जागा मिळते. तुम्ही एका गटाशी बोलत असता तेव्हा दुसरा गट काय करतोय ते मान वळवली की दिसतं. बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच वेळी एकाहून जास्त इयत्तांना शिकवताना, याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी साधन मला दुसरं माहीत नाही.

आता रंगाबद्दल. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथे मुलं जमिनीवर गटात बसून साहित्य हाताळत होती आणि फरशीवर आखणी होती. परतल्यावर अनेकांनी आधी काय केलं, तर ऑइल पेंटचे डबे आणले. गोल, चौकोन, शंभराचा तक्ता, बाराखडी, सगळी फरशी भरून टाकली. माझ्या मते इथे गाडी चुकली. रंगवलेला गोल हलत नाही. गणिताच्या गोलात सहाच मुलं मावतात आणि आज नऊ जणांना तिथे काम आहे, मग काय करणार? पावसाळ्यात ओल्या पायांनी ऑइल पेंट निसरडा होतो, आणि वर्षभरात दारापाशी पोपडे निघतात ते वेगळंच. फरशीवर कायमचं फार थोडं ठेवा: एक संख्यारेषा आणि दार उघडताना कोन मोजता येतील असे दाराखालचे अंश. बाकी खडूने आखा, उद्या पुसा. गणितमाळ, दशकाचे दांडे, शब्दकार्डं ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रे मुलांना उचलू द्या.

बेंचचा प्रश्न नाजूक असतो. लोकसहभागातून बेंच येतात तेव्हा गावाला अभिमान वाटतो. ‘आमची पोरं खाली बसत नाहीत आता,’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, त्यामागे बरंच काही असतं. पण छोट्या खोलीत बेंच लागले की गट पांगतात आणि तळफळे झाकले जातात. देणगीदार विचारायला आला की आखूड पायांची हलकी टेबलं सुचवा, दोन मुलांना उचलता येतील अशी. बेंच आलेच असतील तर तिसरी-चौथीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवा, मधली जागा मोकळी ठेवा.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्यातही किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, डागडुजी यातूनच. तेव्हा एका वर्षी एकच बदल धरा.

व्हरांडा ही तिसरी खोली समजा. मात्र ऊन कुठून येतं ते पाहून वेळापत्रक लावा, आणि पत्र्याच्या छपराखाली जुलैत तोंडी कामाचा तास ठेवू नका, स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. सोबतच्या शिक्षकांशी साहित्य कोण आवरणार हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. मांडणीवरून जितके वाद होत नाहीत तितके पसाऱ्यावरून होतात. बदली झाली की खोलीचा एक साधा नकाशा काढून हजेरीसोबत द्या, कुठला कोपरा कशासाठी ते लिहून. नाहीतर नवे गुरुजी किंवा बाई येऊन तळफळ्यावर कपाट ठेवतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.