आई आणि बाळाचं ‘ड’ जीवनसत्त्व : या चुका टाळा

आईचा व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट चांगला आला की घरातले सगळे निर्धास्त होतात आणि बाळाला द्यायचे व्हिटॅमिन डीचे थेंब मागे पडतात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि टाळायला सगळ्यात सोपीही हीच.

‘आई गोळ्या घेते, मग बाळाला मिळतंच की’

जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातली डीची पातळी आईच्या साधारण 50 ते 80 टक्के असते. आईलाच कमतरता असेल तर बाळ ती घेऊनच जन्माला येतं. आईची पातळी उत्तम असली तरी बाळाला मिळालेली ही शिदोरी दर दोन-तीन आठवड्यांनी निम्मी होत जाते. दोन महिन्यांत ती जवळपास संपते.

त्यानंतर भिस्त अंगावरच्या दुधावर. बाळासाठी त्याहून चांगलं दूध नाही, पण डीच्या बाबतीत ते तोकडं पडतं. लिटरभर दुधात सहसा 80 आययूसुद्धा (इंटरनॅशनल युनिट, जीवनसत्त्व मोजायचं एकक) नसतं आणि बाळाला रोज 400 आययू लागतं. आईच्या रिपोर्टमध्ये मोजलं जातं ते 25-हायड्रॉक्सी रूप, म्हणजे यकृतात बदलून रक्तात साठलेलं डी, आणि ते दुधात फारसं उतरत नाही. उतरतं ते मूळ डी, जे आईच्या रक्तात जेमतेम दिवसभर टिकतं. त्यामुळे आईचा आकडा कितीही छान दिसला तरी बाळाच्या पोटात किती जातंय हे त्यावरून कळत नाही.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईने रोज 6400 आययू घेतल्यावर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची पातळी थेंब घेणाऱ्या बाळांइतकी आली होती. पण प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली रोजची कमाल मर्यादा 4000 आययू आहे. हा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय धरू नका. थेंब सुरू करणं कितीतरी सरळ आहे, आणि ते जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू करायचे असतात.

वरचं दूध पिणाऱ्या बाळाचं काय? पावडरच्या दुधात डी घातलेलं असतं, पण बाळ दिवसाला साधारण लिटरभर पिऊ लागेपर्यंत त्यालाही थेंब लागतात.

मिली, थेंब आणि आययू यांचा गोंधळ

इथे जरा थांबून वाचा, कारण या चुकीने बाळ आजारी पडतं. काही बाटल्यांत 400 आययू एका मिलीमध्ये असतं, तर काहींत एकाच थेंबात. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून ‘नेहमीसारखं’ एक मिली दिलं तर डोस कित्येक पटींनी वाढतो. थेंबांच्या ड्रॉपरमुळे जास्त डोस जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 साली दिला होता.

म्हणून बाटली बदलली की लेबल नव्याने वाचा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीत वापरू नका. लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर 10 मायक्रोग्रॅम म्हणजे 400 आययू. मल्टिव्हिटॅमिनचे थेंबही चालू असतील तर त्यातलं डी मोजायला विसरू नका. डॉक्टरांनी उपचार म्हणून जास्त डोस दिला नसेल तर पहिल्या सहा महिन्यांत रोज 1000 आययू आणि पुढे वर्षापर्यंत 1500 आययू ही कमाल मर्यादा. आईसाठीचा मोठा डोस ‘थोडासा’ म्हणून बाळाला चाटवणं तर अजिबात नको. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं : उलट्या, बद्धकोष्ठता, जास्त लघवी, मलूलपणा, दूध नको होणं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

थेंब दुधाच्या भरल्या बाटलीतही घालू नयेत. बाळाने दूध अर्धवट सोडलं की डोसही अर्धवट राहतो.

कोवळ्या उन्हावर विसंबणं

त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी (अतिनील) किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर ते फारच कमी. काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. आणि ज्या वेळी ऊन कामाचं असतं, तेव्हा सहा महिन्यांखालच्या बाळाची त्वचा त्यात उघडी ठेवणं योग्य नाही.

रिपोर्ट वाचताना

तपासणी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची करा. 1,25-डायहायड्रॉक्सीचा, म्हणजे डीच्या सक्रिय रूपाचा, आकडा कमतरतेतही नॉर्मल किंवा चढा येऊ शकतो. एकक पाहा : 20 नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजेच 50 नॅनोमोल प्रति लिटर. हा फरक न पाहता दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर भलताच अर्थ निघतो. आई केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असेल तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे पातळी खोटी जास्त दिसते. ठणठणीत बाळाची उगाच तपासणी मात्र नको.

पाय वाकायची वाट पाहणं

मुडदूस (डीच्या कमतरतेने मुलांची हाडं मऊ पडणं) म्हटलं की वाकलेले पाय आठवतात, पण ते बहुधा बाळ उभं राहू लागल्यावर दिसतात. त्याआधी मनगटं रुंद होणं, टाळू उशिरापर्यंत न भरणं, दात उशिरा येणं अशा खुणा असतात. उपचारात कॅल्शियमही पुरेसं लागतं, नुसत्या डीने भागत नाही. अगदी लहान बाळात तर कॅल्शियम घसरून थेट झटके येऊ शकतात. तसं झालं तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि आईला कमतरता होती का, बाळाला थेंब चालू होते का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा.